मेंदूचा देठ आणि उमाठे सर

आमच्या घरी फुलकोबीचा देठ कोणी केरात टाकला की मी अजून ओरडते. सुनेला वाटतं, म्हातारी चिक्कू आहे. नातू विचारतो, आजी, त्या दांड्याला काय सोनं लागलंय? सोनं नाही रे बाबा लागलेलं. पण तो दांडा हातात आला की मला एक उंच, जरासा पुढे वाकलेला माणूस दिसतो. खडूनं पांढरी झालेली त्याची उजवी बाही दिसते, आणि आवाज ऐकू येतो, "फूल पाहून भुलू नका लेकहो. देठ पाहा." मग माझं स्वयंपाकातलं लक्ष उडतं ते उडतंच.

उमाठे सर आम्हाला शरीररचना शिकवायचे. नागपूरला, साठचं दशक सरता सरता. मूळचे सावनेरकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचं पोर. टेबलावर इंग्रजी पुस्तक उघडं असायचं, आणि बोलणं मात्र बांधावर बसून बोलावं तसं. पुण्याहून आलेले एक प्राध्यापक त्यांना म्हणाले होते म्हणे, की वर्गात जरा शुद्ध बोलत जा. सर म्हणाले, "मेंदू तं तोच आहे ना जी. मंग जीभ काहून बदलू?" ते प्राध्यापक पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

मुलांना नावानं हाक मारायची सवय त्यांना नव्हतीच. जो जिथून यायचा, ते गाव त्याचं नाव. माझे वडील कन्हानला कोळशाच्या खाणीत कामाला, म्हणून मी कन्हान. माझ्या बाकामागे बसणारा कापडवाल्याचा मुलगा गांधीबाग. बिचारा वर्गात एकदम उभा राहिला की आम्हाला सगळी बाजारपेठ उभी राहिल्यासारखं वाटायचं. पुढे तो मोठा सर्जन झाला, पण आमच्या वर्गाच्या लोकांत आजही त्याला कोणी खऱ्या नावानं ओळखत नाही.

देठाचा धडा थंडीत यायचा, कारण सरांना फुलकोबी लागायची, आणि घट्ट, पांढरीशुभ्र फुलकोबी आमच्याकडे थंडीतच मिळते. स्वतः बाजारातून निवडून आणायचे. टेबलावर ठेवायचे आणि एकेक तुरा खुडायला लागायचे. "हे तोडलं, बोलणं गेलं. हे तोडलं, डावा हात गेला. हे तोडलं, आता बायकोचं तोंड ओळखू येत नाही. काही जणांले ते बरंच वाटीन." वर्ग हसायचा. सर थांबायचे नाहीत. "पण माणूस मेला काय? नाही मेला. श्वास चालू आहे, काळीज चालू आहे, ठसका लागते, आवंढा गिळते, डोळ्यावर उजेड मारला तं बाहुली बारीक होते. कोण करून राहिलं हे?" मग सगळं फूल ओरबाडून झाल्यावर उरलेला दांडा वर धरायचे. "हा करून राहिला. अंगठ्याएवढा आहे. याले नख लावा, खतम."

त्या देठाचे तीन भाग. वर मिडब्रेन, मधे पॉन्स, खाली मेड्युला. पॉन्स म्हणजे लॅटिन भाषेत पूल. आमच्या कन्हानला नदीवर मोठा पूल, त्यामुळे पूल म्हटलं की सरांना माझ्याशिवाय दुसरं कोणी सुचायचंच नाही.

"काय वं कन्हान, पूल कोणाचा?"

"कन्हानचा, सर."

"कोण जाते पुलावरून?"

"मेंदूचे हुकूम खाली जातात सर, आणि अंगाच्या बातम्या वर येतात."

"हुकूम कोणत्या बाजूनं?"

"पुढच्या."

"बातम्या?"

"मागच्या. कानाची वाटही मागूनच."

"अन् माणसाले जागं कोण ठेवते?"

"मागची जाळी, सर. पुलाच्या वरच्या अंगाची."

"बस खाली. पुलावर टोल नको घेऊ."

एवढं मला आजही झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तेव्हा वाटायचं, परीक्षेपुरतं आहे.

सरांच्या तोंडी परीक्षेचा नियम साऱ्या कॉलेजला पाठ होता. "माहीत नाही" म्हटलं की पास. थाप मारली की नापास. गांधीबागनं एकदा एका मज्जातंतूचा रस्ता असा बेधडक सांगितला की बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवायला लागले. सरांनी चष्मा काढला. टेबलावर पुढे वाकून त्याच्या डोळ्यांत रोखून बघितलं. "गांधीबाग, हा रस्ता तू आत्ताच बांधला. नापास." त्याच्यानंतर मी गेले. पहिल्याच प्रश्नाला म्हणाले, माहीत नाही सर. "पास. पाणी पी अन् बस. आता जे माहीत आहे ते सांग." ते म्हणायचे, ज्याले माहीत नाही तो कोणाले तरी विचारीन, त्याच्यापासून पेशंटले भेव नाही.

रविवारी आम्ही दोघं-चौघं वसतिगृहातले त्यांच्या धरमपेठेतल्या घरी जेवायला जायचो. बोलावणं असायचं असं नाही. इंदूकाकूंना माणसं लागायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण घरात सतत कोणीतरी पोरटं जेवत असायचं. काकू ठेंगण्या, गोऱ्या, लांबसडक केसांच्या, आणि अखंड बोलणाऱ्या. पोळी लाटताना बोलायच्या, वाढताना बोलायच्या, तोंडात घास असताना पदर आडवा धरून बोलायच्या. मला पहिल्याच दिवशी हाताला धरून थेट चुलीपाशी नेलं आणि पातोडीच्या रश्शाची चव घ्यायला लावली. छप्पनला आमच्या घरानं दीक्षा घेतली होती, आणि कोणाच्या घरात कुठवर जायचं याचा अंदाज घेत उंबऱ्याशी थांबायची मला सवय होती. काकूंनी तो अंदाज घ्यायला वेळच दिला नाही.

सगळ्यांना पोटभर वाढून झालं, भांडी खरवडली गेली, की काकू म्हणायच्या, "मी मघाशीच जेवली." सर हातातला घास खाली ठेवायचे. चष्मा काढायचे. "इंदू, इकडं पाह्य."

"काय पाहू जी? पाहिलं."

"नापास. बस जेवाले."

काकू खळखळून हसायच्या. "एखादं साधं खोटं बी बोलू देत नाही हा माणूस!" मग सरांच्याच ताटात दोघं जेवायचे. हे दर रविवारी व्हायचं, आणि दर रविवारी आम्हाला नव्यानं हसू यायचं.

मी इंटर्नशिप संपवून औषधवैद्यकाच्या वॉर्डात हाऊस ऑफिसर होते, तेव्हा एका सकाळी इंदूकाकूंना स्ट्रेचरवरून आणलं. अंगणात वाळत घातलेलं धुणं काढताना पडल्या होत्या. मेंदूच्या मागच्या रक्तवाहिनीत गुठळी. तेव्हा कसलं स्कॅन नि कसलं काय. हातोडी, टॉर्च आणि डॉक्टरांचा अनुभव, एवढ्यावर कारभार. काही दिवस त्या निपचित पडून होत्या. मग डोळे उघडले. आम्हाला कोण आनंद झाला! पण डोळ्यांच्या पलीकडे काहीच नाही. हात नाही, पाय नाही, तोंडातून हूं की चूं नाही. नाकातून नळी घालून दूध-पेज द्यायची. डावी पापणी पुरती मिटत नव्हती, तिथं आम्ही मलम लावायचो. मोठे डॉक्टर राउंडला यायचे, तोंडासमोर बोट धरून इकडून तिकडे न्यायचे, "बाई, बोटाकडे बघा." डोळे हलायचे नाहीत. "हात दाबा." हात दाबला जायचा नाही. असं रोज झालं, आणि मग राउंडवाले त्या पलंगापाशी कमी वेळ थांबायला लागले.

काकूंचे थोरले भाऊ अमरावतीहून आले. सगळे त्यांना दादा म्हणायचे. पायथ्याशी उभे राहून त्यांनी सरांना विचारलं, "भाऊजी, इंदूले काही कळते काय?"

"नाही," सर म्हणाले. आवाज वर्गातलाच होता. दुःखातला माणूस जे त्याला येतं त्याचाच आधार घेतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. "फूल गेलं, दादा. देठ तेवढा राहिला. डोळे उघडते, मिटते, श्वास घेते, ते सारं देठाचं काम आहे. इंदू त्याच्यात नाही."

दादा रडायला लागले. "पण पाहा ना, तिच्या डोळ्यात पाणी आलं."

"ते बी देठाचंच. पापणी मिटत नाही, डोळा सुकते, म्हणून पाणी येते. मनाचं नाही ते." सरांनी खिडकीकडे पाहिलं. "आता लवकर सुटली तं बरं."

पलंगाच्या त्या बाजूला मीच उभी होते. मी गॉज घेतलं आणि काकूंचं पाणी पुसलं. सर जे बोलले त्यात आम्हाला कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून प्रत्येक घर हे बोलतं, आणि मायेपोटीच बोलतं. काय बोलावं माणसानं दुसरं?

पुढे काकूंना घरी नेलं. सरांची मोठी बहीण कुसुमताई सावनेरहून येऊन राहिली. कुसुमताई म्हणजे एक वेगळंच प्रकरण. जे ठरवलं ते करणार, मग यम आडवा येवो. मी नाकातली नळी बदलायला अधूनमधून जायचे. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी गेले तर कुसुमताईंनी काकूंना नवं पातळ गुंडाळलं होतं, उशांना टेकवून बसवलं होतं, आणि तबकात निरांजन लावलं होतं.

"ताई, तिले काय कळते?" सर म्हणाले. "काहून करून राहिली हे?"

"तिले नसन कळत, मले कळते. पाडव्याले बायकोनं ओवाळलं नाही असा माझा भाऊ नाही राहायचा. बस समोर."

सर स्टूल ओढून काकूंच्या समोर बसले. आमच्या घरी हे ओवाळणं केव्हाच बंद झालेलं, म्हणून मी जरा बाजूला, भिंतीशी थांबले. कुसुमताईंनी काकूंचे लुळे हात आपल्या हातांत धरले, त्यावर तबक तोललं, आणि सरांच्या तोंडावरून गोल फिरवायला सुरुवात केली. निरांजन वर गेलं, बाजूला गेलं, खाली आलं, पुन्हा वर. सर समोर होते. ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते. मी सरांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"ताई, थांब. गोल नको फिरवू. सरळ वर ने."

काकूंचे डोळे ज्योतीबरोबर वर गेले.

"आता खाली."

डोळे खाली आले.

"आता आडवी ने."

डोळे जिथल्या तिथं राहिले.

सर उठले. तबक बाजूला झालं. त्यांनी दोन्ही हात पलंगाच्या कडेला टेकले. "इंदू," ते म्हणाले, "माझं ऐकू येत असन तं वर पाह्य."

काकूंनी वर पाहिलं. वर्गात उत्तर येणारं मूल हात वर धरून ठेवतं ना, बाई बघेपर्यंत, तशा त्या वरच बघत राहिल्या.

कुसुमताई रडत होत्या आणि शिव्याही देत होत्या. "येवढे मोठमोठे डॉक्टर, अन् मेले बोट आडवंच फिरवून राहिले होते!" खरं होतं ते. बोट आडवंच फिरवायची आमची रीत. डोळा आडवा फिरवणारं ठाणं पुलावर असतं, आणि वर-खाली नेणारं पुलाच्या अलीकडे, मिडब्रेनमध्ये. पूल पुढून तुटला होता. हुकूम खाली जात नव्हते. म्हणून हात नाही, पाय नाही, जीभ नाही. मागची बाजू शाबूत होती. फूल तर सगळंच्या सगळं टवटवीत होतं. सरांनी एवढी वर्षं जो धडा शिकवला, तो स्वतःच्या घरात त्यांनी उलटा वाचला होता.

ते माझ्याजवळ आले. "मागची बाजू शाबूत आहे," ते हळू म्हणाले. "मंग ती किती दिवसापासून ऐकून राहिली असन वं?" ते मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढचे महिने त्या घरात एक नवीनच भाषा बोलली गेली. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. कुसुमताई पाटीवर अक्षरं लिहून एकेक उच्चारायच्या, हवं ते आलं की काकू वर बघायच्या. पहिला शब्द जुळायला अर्धी सकाळ गेली. 'तेल.' बाईच्या केसांना इतक्या दिवसांत कोणी तेलाचं बोट लावलं नव्हतं! कुसुमताईंनी वाटीभर कोमट करून आणलं, पण काकूंनी खाली पाहिलं. मग लक्षात आलं. सरांनी लावायचं होतं. त्या दिवसापासून ते काम सरांचं झालं. नळीतून पेज गेली की सर विचारायचे, "जेवली काय?" काकू वर बघायच्या. "पास," सर म्हणायचे. काकूंना हसता येत नव्हतं, पण डोळे असे व्हायचे की खोलीतले बाकीचे हसायचे.

मी बघत होते. सर त्यांना सगळं विचारायचे. उशी उंच हवी का, खिडकी उघडू का, कोणतं पातळ काढू. एक गोष्ट सोडून. दादा भेटायला आले की सर उठून बाहेर जायचे. वॉर्डाचा विषय निघाला की बोलणं दुसरीकडे न्यायचे. ते काय टाळताहेत हे मला ठाऊक होतं, कारण ते बोलले तेव्हा मी तिथं होते. उन्हाळा लागता लागता काकूंना न्यूमोनिया झाला. खोकता येत नाही, त्या माणसाला छातीतला कफ पुरतो. काकू गेल्या.

सर पुढेही शिकवत राहिले, पण फुलकोबी त्यांनी पुन्हा कधी आणली नाही. नंतरच्या तुकड्यांची मुलं सांगायची, देठाच्या धड्याला सर एकाला उभं करतात. एका वर्षी हिंगण्याकडचा एक चुणचुणीत मुलगा होता. त्याला खुर्चीत बसवलं. "हिंगणा, तुले हलता येत नाही, बोलता येत नाही. फक्त ऐकू येते. डोळे वर-खाली कर, बाकी काही नाही." मग वर्गाला म्हणाले, आता याच्याविषयी बोला, तो इथं नाही असं समजून बोला. पोरं आधी हसली. मग बोलायला लागली. त्याच्या कपड्यांविषयी, बोलण्याविषयी, जे मनात होतं ते. तास संपला तेव्हा हिंगण्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सरांनी स्वतः त्याचे डोळे पुसले. "हाच धडा आहे," म्हणाले आणि निघून गेले. क्रूरच होतं ते, मी म्हणते. पण त्या तुकडीचे लोक पेशंटपाशी कधी मोठ्यानं बोलत नाहीत, हेही मी पाहिलं आहे.

दुपारी ते वॉर्डात यायला लागले. त्यांचं तिथं काही काम नव्हतं. बेशुद्ध माणसाच्या पलंगापाशी स्टूल ओढायचे आणि सांगायचे, "मी उमाठे. मास्तर आहो. तुमच्यापाशी थोडा बसतो." मग आज ऊन किती आहे, बाहेर कोण कोण आलं आहे, मुलानं डबा खाल्ला की नाही, असलं काहीबाही बोलत राहायचे. राउंडवाल्या डॉक्टरांना त्यांचा जाच व्हायचा. कोणी उशाशी "होपलेस" म्हटलं की सर त्याला दंडाला धरून व्हरांड्यात न्यायचे. शवविच्छेदनाच्या हॉलमध्येसुद्धा मुलांना सांगायचे, जरा सांभाळून बोला. "अहो सर, ही तर मेलेली आहेत," कोणी म्हणालं तर म्हणायचे, "आम्ही एकीले असंच म्हटलं होतं." लोक म्हणत, उमाठे सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. गांधीबाग मला म्हणाला, काकूंनी झपाटलं त्यांना. मला त्याचा राग आला होता, पण चुकीचं म्हणता येईना.

मग मी मेंदूच्या आजारांचं शिकायला नागपूर सोडलं. लग्न, नोकरी, मुलं, येणं-जाणं तुटलं. ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यात माहेरी आले तेव्हा कळलं की सर फार थकले आहेत. ऊन जरा कललं तशी धरमपेठेत गेले. तेच घर. कुसुमताई आता वाकल्या होत्या, पण चहा मात्र त्याच कडक हुकमानं हातात दिला. वाळ्याचा कूलर घरघरत होता आणि खोलीत ओल्या वाळ्याचा वास भरला होता. सर खुर्चीत होते. खूप वाळले होते. काकूंचा पलंग अजून खिडकीपाशी तसाच, वर धुतलेली चादर.

"कन्हान," त्यांनी ओळखलं. "पूल शाबूत आहे ना?"

"आहे सर."

कुसुमताई आत गेल्या. सरांनी त्या गेल्याची खात्री केली. मग म्हणाले, "तुले एक सांगाचं आहे, अन् एक विचाराचं आहे. दुसऱ्या कोणाले विचारता येत नाही. इंदूच्या शेवटच्या होळीच्या सुमाराले कुसुम बाजारात गेली होती. इंदूच्या केसाले तेल लावत होतो. म्हटलं, इंदू, त्या दिवशी दवाखान्यात, दादाजवळ मी जे बोललो, ते तू ऐकलं होतं काय?"

कूलरमधून पाणी ठिबकत होतं.

"तिनं खाली पाहिलं. चटकन. मी चष्मा काढला, नेहमीसारखा, अन् पाहिलं तिच्याकडं. सारा जलम तिले नापास म्हणत आलो वं. त्या दिवशी नाही म्हणता आलं. पास म्हटलं. अन् वेणी घातली, आली तशी."

"सर," मी म्हणाले, "सुरुवातीचे दिवस होते ते. सूज असते. जागं ठेवणारी जाळीच झोपलेली असेल. खरंच ऐकलं नसेल त्यांनी."

"हो ना. तेच मी रोज सांगतो मले. पुस्तकात बी आहे. म्हणून तं तुले विचारून राहिलो." ते खुर्चीत पुढे सरकले. "पाणी तू पुसलं होतं. एका डोळ्याले होतं का दोन्ही?"

मला सगळं एकदम कळलं. डावी पापणी मिटत नव्हती. नुसत्या डाव्याच डोळ्यात पाणी असेल तर ते डोळा सुकल्याचं. सर म्हणाले तसं, देठाचं काम. उजवी पापणी नीट मिटत होती. त्या डोळ्याला सुकायचं काही कारणच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत असेल, तर ती बाई रडत होती. तर मग तिनं सगळं ऐकलं होतं. एवढी वर्षं हा माणूस या एका थेंबापाशी अडकून बसला होता.

आणि मला आठवत होतं. न आठवायला काय झालं? आधी डावा डोळा पुसला, मग गॉजची घडी उलटून उजवा. उजव्याचं पाणी गालावरून वाहत कानापर्यंत गेलं होतं, उशीला डाग पडला होता.

"एकाच, सर," मी चहाच्या कपाकडे बघत म्हणाले. "डाव्या."

सरांनी चष्मा काढला. मी मान वर केली तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, त्यांना कितपत दिसत होतं देव जाणे. पण बघत राहिले, परीक्षेला बघायचे तसे.

"नापास, कन्हान," ते म्हणाले. फार हळू म्हणाले. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि थोपटला. "चहा घे. निवून राहिला."

मी चहा प्यायले. कुसुमताईंशी दोन शब्द बोलले, निघाले. फाटकाची कडी घट्ट होती, ती लावत वाकले होते तेव्हा खिडकीतून आतलं दिसलं. सर खुर्चीतून उठून, भिंतीला धरत धरत पलंगापर्यंत आले होते. कडेला टेकले. चादरीवरून एकदा हात फिरवला.

"इंदू, मी आहो," ते म्हणाले. "कन्हान आली होती. तिनं बी खालीच पाहिलं."